नऊचा कागद

अर्जात रकाने तीन: कोंबडी, बदक, इतर.
मी 'बदक' लिहायला घेतले तशा
शेवंताबाई कोळी म्हणाल्या,
"बदक न्हवं वो. हंस हाय त्यो. मान बगा."

मान बघायलाच आलो होतो.
एकाची पाठीवर उलटी पडलेली, चोच आभाळाकडे,
कुणी वरून हाक मारावी
आणि ऐकता ऐकता तसेच राहून जावे, तशी.

शिरोळच्या आत, पंचगंगा जिथे
कृष्णेला गाठायच्या आधी रेंगाळते,
तिथे ओढ्याच्या अलीकडे यांचे एकेचाळीस,
पलीकडे, गुऱ्हाळामागे, बाबगोंडा मगदुमांचे साठ.
दोन्हीकडे तेच. पांढरी हगवण, डोळ्यांत पाणी,
चालताना झोकांडी.
बॅटरी दातांत धरून मी घशातून कापूस फिरवला,
नळ्यांवर नावे घातली,
मासळीच्या थर्माकोलात बर्फ भरला.
तिथून पुणे. पुण्याहून भोपाळ.

मग आठ दिवस. शेळीच्या दुधाचा चहा.
"ह्यो एच म्हंजे काय?"
आत शिरायची किल्ली, मी म्हणालो,
आणि एन म्हणजे बाहेर पडायची कात्री.
किल्ल्या कितीतरी तऱ्हेच्या,
काही नुसत्या ओसरीपर्यंत येतात,
काही थेट मेंदूपर्यंत.
"म्हंजे चोरच की," त्या म्हणाल्या,
"कुटल्या गावचा, त्येवढंच बगायचं."

हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, असे शाळेत होते.
हे तर चिखल आणि पाणीही एकाच घोटात घेत होते,
आणि वेगळे करायचे काम
भोपाळच्या एका यंत्राकडे होते.

फोन आला तेव्हा मी फाट्यावर पंक्चर काढत होतो.
मगदूम: एच पाच एन एक.
कोळी: एच नऊ एन दोन.
शेवंताबाईंनी बोटांवर मोजून पाहिले.
"पाचापरास नऊ मोठं. तरी बरं?"
बरं, मी म्हणालो. नऊ सौम्य. नऊ बहुतेक जगू देतो.
उलट्या मानेचा तोवर उठून
भिजवलेला मका खाऊ लागला होता,
दोनदा चुकून, तिसऱ्यांदा नेमका.
त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

संध्याकाळी तहसीलात नकाशा पसरला.
कंपास कुणाच्या तरी मुलीचा, त्यावर तिचे नाव कोरलेले.
टोक मगदुमांच्या खुराड्यावर टेकवले,
आणि पेन्सिल एक किलोमीटर फिरली.
ओढा नकाशावर केसाएवढा.
शेवंताबाईंचे घर वर्तुळात इतके आत होते
की कुणी दोनदा पाहिलेही नाही.
मी म्हणालो, साहेब, तिकडे नऊ आहे.
साहेब म्हणाले, वर्तुळाला नऊ कळत नाही.
खरेच होते. पाच पाण्यावरूनही येतो,
चपलेच्या तळव्यालाही चिकटतो.
नियम चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही.

अनोळखी माणूस दिसला की आरडाओरडा करायचा,
यासाठीच पाळलेली जनावरे.
पहाटे पांढऱ्या कपड्यांतली आठ माणसे ओढा उतरली,
आणि त्यांनी आपले काम चोख केले.
सातपर्यंत.
नंतर चुन्याची पोती. नंतर जेसीबी परत गेला.

अर्ज मी नव्याने लिहिला. 'बदक' खोडले.
इतर: हंस, एकेचाळीस.
क्लार्कने परत पाठवला. 'इतर'ला दर ठरलेला नाही.
पुन्हा बदक.

शेवंताबाईंनी सही केली, रक्कम वाचली नाही.
"पैशाचं मागनं बगू. त्यो नऊचा कागद हाय न्हवं, त्यो द्या."
काय करणार त्याचं?
"ठेवतो," त्या म्हणाल्या, आमच्याकडे बायका बोलतात तशा.
"आमची तसली न्हवती, आसं ल्हिवलंय त्येच्यात."

मी झेरॉक्स देऊ केली. त्यांनी मूळ प्रत मागितली.
शिक्का उजेडाकडे धरून पाहिला, चार घड्या घातल्या,
आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये
कार्डाच्याही आत सरकवला.